रूथमावशीचा श्वास आणि मागच्या बाकांचं आमेन

लोक जबलपूरला धबधबा बघायला जातात. मी गेलो मावशीचं गाणं ऐकायला, आणि तेही मीच बांधलेलं. बायबलमधल्या मेंढपाळाच्या स्तोत्राला नवी चाल लावली होती, एक आवाज आणि पियानो एवढ्यासाठीच. आवाज रूथमावशीचा. लहानपणी सुट्टीत तिथल्या चर्चमध्ये तिने लावलेला लांब सूर ऐकूनच मी संगीताच्या नादी लागलो. म्हणून शेवटची ओळ मुद्दाम एका दमात गायची ठेवली. ती तिच्या तोंडून ऐकायची, एवढाच हट्ट.

नागपूरहून गाडीने सकाळी लवकर निघालात तर जेवायला जबलपूर. पेंचच्या जंगलातला रस्ता झकास आहे, फक्त माकडांना खाऊ घालू नका, ती गाडीत येऊन बसायला बघतात. चहा सिवनीला घ्या. जबलपूरच्या अलीकडे, नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर मी काच खाली करून ती ओळ मोठ्याने म्हणून पाहिली. अर्ध्यात दम संपला. दोष मी सिवनीच्या समोशांना दिला.

मावशी निवृत्त शिक्षिका. काका संरक्षण कारखान्यात होते, ते जाऊनही बरीच वर्षं झाली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दारातच म्हणाली, "काहून रे, इतका वाळून राहिला? चलो, पहिले जेवून घे."

दुपारी चर्चमध्ये तालीम, पियानोवर मी. पियानोच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या, मावशी गाता गाताच त्या बोटाने उचलून द्यायची. पण शेवटच्या ओळीत तिचा श्वास पुरेना. मी म्हटलं, "पुन्हा एकदा घेऊ." पुन्हा तेच.

ती बाकावर बसली. "हे तू माझ्यासाठी लिहिलं, का तुझ्या लहानपणच्या मावशीसाठी?"

मला फार वाईट वाटलं. ओळ छोटी करतो म्हटलं तर उलट भडकली. "हात नको लावू. मी थांबली की तू बी थांबजो, बस."

संध्याकाळी बडा फुहाऱ्याच्या बाजारात खव्याची जलेबी खाल्ली. काळी, जड, गरम, एक पुरते. मी तीन खाल्ल्या, कारण काळजी लागली की मला भूक लागते.

रविवारी चर्च भरलेलं. शेवटची ओळ आली. मावशी निम्म्यात थांबली, मीही हात उचलले. संपलं सगळं, असं वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून शेजारचे डॅनियलकाका म्हणाले, "आमेन." गाणारा थांबला की आमेन म्हणायचं, ही तिथली रीत मी साफ विसरलो होतो. मावशीने श्वास घेतला, ओळ पुढे नेली, पुन्हा थांबली. आता अख्खं चर्च म्हणालं, "आमेन." आणि मग तो सूर लागला. लांब, सुट्टीतल्यासारखा. मी रडत होतो, पट्ट्या अडकल्या होत्या, त्या उचलायचं कुणाला भान नव्हतं.

बाहेर डॅनियलकाका म्हणाले, "भैया, छान लिहिलं. आमचा पार्ट तर बढिया."

"मावशी," मी म्हटलं, "हे एकटीने गायचं गाणं होतं."

"एकटीच तर गायली. श्वास तेवढा त्यांनी घेऊ दिला."

आता नागपुरात परत शिकवण्या. परवा एका विद्यार्थिनीने ती ओळ एका दमात, बिनचूक म्हटली. मी लिहिली होती तश्शीच. माझा चेहरा पाहून तिने विचारलं, "सर, काही चुकलं का?"

"नाही. पण मध्ये थांबून बघ."

ती थांबली. मी आमेन म्हणून पाहिलं. एकट्याचं फारच बारीक आलं.