आरपे म्हणजे आरपार न्हाय

परंड्याहून एसटीनं येणाऱ्या क्षमाबाई एखाद्या दिवशी डबा घरी विसरायच्या, पण फोनचा चार्जर कधीच न्हाय. जिल्हा परिषदेच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत पोरांना वाचायची गोडी लावायची तर हातात होतं काय? खडू, फळा आणि बाईंचा स्वतःचा फोन. त्यात जे जे फुकट मिळेल ते ते बाईंनी शोधून काढलेलं. फुकट म्हटलं की बाईंचा चेहरा असा खुलायचा, जणू बाजारात भाजीवाल्यानं वर कोथिंबीर टाकली.

त्यातला पोरांचा लाडका खेळ म्हणजे बोलून लिहिणं. फोनवरचं माईकचं चित्र दाबायचं, एकानं बोलायचं, फोन ते लिहून दाखवणार आणि बाकीच्यांनी वाचून त्याची चूक धरायची. उत्कर्ष बोलला, "म्या भाकर खाल्ली." फोननं लिहिलं, "म्याऊ भाकर खाल्ली." अरे देवा, वर्ग नुसता गडाबडा लोळला! एरवी वाच म्हटलं की ज्यांच्या तोंडाला कुलूप, तीच कार्टी फोनची चूक धरायला टपून बसायची. शिकलेला फोन आपल्यापुढं चुकतो, याचा त्यांना कोण आनंद!

हसत नव्हती ती एकटी अर्पिता. तिसरीतली, वेणी कायम अर्धी सुटलेली. दसरा झाला आणि तिचे आई-बाप ऊसतोडीच्या टोळीसंगं सांगलीच्या बाजूला गेले, उसाच्या पानांच्या झोपडीत, कोपीत राहायला. पोरगी आजीकडं राहिली, कस्तुराबाईंकडं. तेव्हापासून तिनं पुस्तक उघडायचं आणि खिडकीतून रस्त्याकडं बघत बसायचं.

एक दिवस कस्तुराबाई शाळेच्या दारात आल्या. "बाई, पुढच्या ऐतवारी टोळीचा टेम्पो जाणार हाय. पोरीला आयजवळ धाडून देते. खात न्हाय, पित न्हाय, नुसती रडती. म्या म्हातारी किती पुरी पडू?"

"आजी, आत्ता गेली की वर्ष बुडलं तिचं. आत्ता कुठं जोडाक्षरं यायला लागलीत. आठवडाभर थांबा, माझ्यासाठी."

"बघा मग. रमली तर ऱ्हाऊ द्या," म्हणून कस्तुराबाई गेल्या.

बाईंनी टोळीच्या मुकादमाला, आबारावला, फोन लावला. अर्पिताच्या आईकडं, सोनालीकडं, साधा फोनसुद्धा नव्हता, आबारावकडं मोठा होता. बाईंनी त्याला नीट समजावलं: सोनालीला माईक दाबून बोलायला लावा, पण आवाज धाडू नका, अक्षरं धाडा. आईची ओढ आहे ना पोरीला? मग त्या ओढीनं तरी वाचील. बाई स्वतःच्या युक्तीवर बेहद्द खूश होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत निरोप आला. उत्कर्षनं पुढं होऊन वाचला: "आरपार जेवलीस का वेणी घालत जा आजीला तरास देऊ नको लई आठवण येती."

"आरपार? बाई, कोण आरपार?" पोरं खिदळली.

अर्पिता ताडकन उठली. "आरपार न्हाय! आरपे हाय ते! माझी आय मला आरपे म्हंती!" तिनं फोन हिसकून घेतला, बोट ठेवत ठेवत सगळा निरोप वाचला, 'आरपार'ला 'आरपे' करून. एकदासुद्धा न अडखळता. वर्गानं टाळ्या पिटल्या.

बाईंना स्वतःची आई आठवली. त्यांनाही घरात कुणी क्षमा म्हणत नव्हतं. दुसऱ्याच्या रानात खुरपत लेकीला मास्तरीण करणारी बनाबाई 'शमे' म्हणायची. बनाबाई वारली, ती हाकही तिच्यासंगंच गेली. एवढ्या मोठ्या फोनमध्ये आईचं एक वाक्य न्हाय, याची हळहळ बाईंना कधी कधी एसटीत बसल्या बसल्या खायची.

अर्पिता फोन उलटासुलटा करून बघत होती. "बाई, ह्याच्यात आयचा आवाज कुठंय?"

"आवाज न्हाई गं बाळा. तिनं बोललेली अक्षरं हायत."

"मंग उगंच," ती म्हणाली, आणि फोन टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली.

बाईंच्या ध्यानात आलं: आवाज धाडू नका असं आपणच सांगितलं होतं. त्यांनी तिथल्या तिथं आबारावला फोन लावला. त्यानं फडात नेऊन सोनालीच्या हातात दिला. कोयत्यांच्या खणखणाटात पलीकडून हाक आली, "आरपे?"

पोरीनं फोन कानाला असा घट्ट दाबून धरला की बोटं पांढरी पडली. नुसतं पाणी डोळ्यांतून. बाईंनी बाकीच्या पोरांना व्हरांड्यात नेलं आणि दार लोटून घेतलं.

ऐतवारी अर्पिता टेम्पोत बसली. बाई सुट्टी असून फाट्यावर गेल्या. वाटेत वाच म्हणून गोष्टीचं पुस्तक दिलं. पोरगी आठ वर्षांची, आई तिकडं. कुठल्या तोंडानं थांब म्हणायचं? पण टेम्पो वळून दिसेनासा होईस्तोवर त्या फाट्यावरून हलल्या न्हाईत. पुढं वर्गात खेळ चालू राहिला, पोरं हसत राहिली, आणि बाईंची नजर त्या रिकाम्या जागेवर जायचीच जायची.

पंधरवड्यानं एका दुपारी आबारावच्या नंबरावरून त्याच्याच आवाजात निरोप आला: "बाई, लेकरानं जेवणाच्या सुट्टीत माझा फोनच सोडला न्हाय. बोल म्हनलं तर बोलंना. एकेक अक्षर बोटानं दाबून लिवलंय. बघा बरं काय हाय ते."

खाली तीन ओळी होत्या.

"बाई म्या वाचते पुस्तक. कोपीत आयच्या कुशीत निजते. इथं लई ऊब हाय, तुमी बी या."