गौरीच्या दिवशी धरलेली चाकं

आमच्या घरात मिठावर जेवढा विश्वास आहे तेवढा डॉक्टरवरसुद्धा नाही. सासऱ्यांचं उभं आयुष्य उरणच्या मिठागरात गेलं. ते मिठागर आता कंटेनरच्या यार्डाखाली गाडलं गेलंय, पण मीठ काही त्यांच्या हातून सुटलं नाही. घसा धरला, मीठ. दृष्ट लागली, मीठ. माडाला नारळ कमी लागले, तर मुळाशी मीठ. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरलं की मूठमूठ मीठ फेकून ते ओटीवर असे समाधानाने येऊन बसतात, जसं काही सगळ्या शेताची लावणी उरकून आलेत. त्या मिठाने माझी तगर दरवर्षी जळते आणि दरवर्षी मी भांडते. काही उपयोग होत नाही.

त्या वर्षी त्यांनी गाडीभोवतीही मीठ टाकलं. आमची छोटी गाडी अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात, खाडीकडच्या उतारावर उभी होती. उतार म्हणून हँडब्रेक कचकचून ओढलेला. माझे यजमान ट्रेलर चालवतात. सगळा श्रावण ते बंदराच्या फेऱ्यांत अडकले होते, आणि मला काही गाडी चालवता येत नाही. मागच्या चाकांखाली खळगा पडून पाणी साचलेलं. गाडीत बसताना कोणाचा पाय घसरू नये म्हणून सासरे त्या पाण्यात रोज मायेने मूठभर मीठ सोडत राहिले.

आणि त्याच वर्षी गौर पावसाच्या पूर्वा नक्षत्रात आली. आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीचा पहिला ओवसा, म्हणजे भरल्या सुपांनी गौर ओवाळणं, पूर्वातल्या गौरीलाच होतो. नाही आली गौर पूर्वात, तर पोरीने थांबायचं. माझी लेक माणगावजवळच्या गावात दिलेली. लग्न झाल्यापासून ती थांबलीच होती. तिच्या मागून लग्न झालेल्या मुली भेटल्या की तिघी-चौघी मिळून नवं पंचांग उघडायच्या आणि पुन्हा मिटायच्या. पहिल्या ओवशाची सुपं माहेरहून जावी लागतात. सुपं पोचल्याशिवाय लेक गौरीसमोर उभीच राहू शकत नाही, आणि तोवर तिचा उपास. मी पाच कोरी सुपं भरली: काकडी, पडवळ, फळं, नारळ, विड्याची पानं, करंज्या, खण. सुपांच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढली. सकाळी निघालो की दुपारच्या आत माणगाव, असा हिशोब होता.

गणपतीत महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी असते, म्हणून यजमान घरी होते. ते गाडीत बसले, हँडब्रेक खाली टाकला, पहिला गिअर घातला. इंजिन ओरडलं, गाडीची पाठ खाली दबली आणि इंजिन बंद पडलं. मागे घेऊन पाहिली. तसंच. शेजारचे चार बाप्ये आरती सोडून आले आणि त्यांनी ढकलली. तेव्हा मी जे पाहिलं ते विसरणार नाही. गाडी पुढे सरकली, पण मागची चाकं फिरली नाहीत. ओल्या जमिनीवर दोन काळे पट्टे ओढत ती नुसती फरफटत गेली.

"हँडब्रेक सोडा की हो!" मी ओरडले.

"सोडलाय गं. आत धरलंय."

मी खिडकीतून बघितलं. हँडब्रेक खरोखरच खाली पडलेला होता. माणसाने धरलेलं माणसाने केव्हाच सोडून दिलं होतं, आणि तरी आत कोणीतरी धरून बसलं होतं. एवढी मोठी गाडी, चार धडधाकट बाप्ये आणि एक इंजिन, आणि त्या सगळ्यांना पुरून उरलेलं ते काहीतरी. राग तर मला आलाच होता. पण त्या क्षणी अंगावर काटाही आला.

यजमानांनी खळग्यातलं पाणी बोटाने चाखलं आणि थुंकले. "बाबांनी घरातच मिठागर काढलंय," ते म्हणाले. सगळे हसले. सासरे हसले नाहीत. ते खांबाला धरून उभे होते, चाकाकडे बघत.

दुसरी गाडी मिळण्याची आशा नव्हती. ज्याच्याकडे गाडी होती तो गावाला गेलेला, रिक्षावाले हात जोडत होते, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. यजमानांनी जॅक लावला, चाक काढलं. आत वाटीसारखा ब्रेकचा लोखंडी ड्रम, गंजाने तांबडा झालेला. त्याच्या कडेला लाकडाचा ठोकळा धरून ते हातोडीने ठोकू लागले. एकाच जागी नाही, फिरवत फिरवत. ड्रम हलेना. मध्येच लेकीचा फोन आला. मी सांगितलं, "निघतोच आहोत." तिला माझा आवाज कळला असणार, ती फक्त "सांभाळून या गं आई" म्हणाली.

मग एकदम कडाड आवाज झाला, फांदी मोडावी तसा. ओटीवरची मांजर पळाली. ड्रम सुटून हातात आला आणि आम्ही सगळे आत डोकावलो. आत तपकिरी भुकटी. ड्रमच्या पोटात हँडब्रेकने दाबलेल्या ब्रेकच्या पट्ट्या जिथे टेकून बसल्या होत्या तिथे त्यांचा जसाच्या तसा वळ उठलेला, पाटावर ओलं भांडं राहिलं की उठतो तसा. ना खिळा, ना वेल्डिंग. नुसत्या मिठाने आणि दमट हवेने लोखंडाला ती पट्टी चिकटवली होती. आमच्या घरातल्या बरणीत आहे तेच मीठ. मी रोज चिमटीने आमटीत टाकते तेच.

सासरे हळूच म्हणाले, "मीठ हाय ते. घरचा-परका न्हाय बघत."

दुसरं चाकही तसंच ठोकून सुटलं. मी सुपं उचलून धावले. यजमान म्हणाले, "थांब." पट्ट्या शाबूत होत्या, पण गंज साफ केल्याशिवाय, ब्रेक लागून बघितल्याशिवाय ते निघणार नव्हते.

"दुपार टळली! पोरगी सकाळपासून उपाशी आहे."

"चालत न्हाय ती गाडी चालती करता येते. थांबत न्हाय ती मी न्हाय नेनार."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. आयुष्यभर ट्रेलर चालवलेल्या माणसाला मी ब्रेक शिकवत होते! ते पॉलिश पेपर घेऊन पट्ट्या घासत राहिले, ड्रम घासत राहिले. घामात मिसळून गंज कोपरापर्यंत गेला. मग चाकं चढवून गल्लीत गाडी पुढे नेली, थांबवली. मागे आणली, थांबवली. पहिल्यांदा करकरली, मग नुसती खरखरली, मग मुकाट उभी राहू लागली.

सासरे ओटीवरून उतरलेच नाहीत, गाडीत बसायला तयार नव्हते. "माना नको नेऊ. सगला माज्यामुलं झायला."

"गपचूप बसा गाडीत," मी म्हटलं. "नातीचा ओवसा आहे." ते बसले.

वडखळला गाड्यांची रांग, पुढे कोलाडपर्यंत पाऊस. पावसात पुढचा टेम्पो अचानक थांबला. यजमानांनी पाय दाबला आणि आमची गाडी जागच्या जागी उभी राहिली, टेम्पोच्या फळीवरची अक्षरं वाचता यावीत इतकी जवळ. मी मांडीवरचं सूप घट्ट धरलं होतं आणि मनातल्या मनात त्या पट्ट्यांना हात जोडले. दुपारी बोललेलं सगळं मला आठवलं.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आरती लेकीच्या सासरच्यांनी आमच्यासाठी थांबवली होती. लेक हिरव्या साडीत दारात उभी, ओठ सुकलेले. यजमानांनी वाटेत दोनदा साबण लावून हात धुतले होते, पण गंज काही गेला नव्हता. त्यांनी पहिलं सूप उचलून तिच्या हातात दिलं, आणि कोऱ्या बांबूवर, मी ओढलेल्या कुंकवाच्या बोटांशेजारी, त्यांची बोटं तांबडी उमटली. विहीणबाई चटकन पदर घेऊन पुसायला पुढे झाल्या.

"राहू द्या आई," लेक सासूला म्हणाली. "बाबांचे हात आहेत ते." आणि ते सूप तसंच डोक्याशी लावून ती गौरीसमोर गेली.