भोंग्याचा डावा पाय

बसस्थानकावर त्याने आयुष्यभर गाड्या जाहीर केल्या, म्हणून नाव पडलं भोंगा. आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ, आणि कामाची युक्ती एकच: पुढ्यात आलेला कागद वाचायचा, अर्थ डोक्यात घ्यायचा नाही. "अर्थाच्या नादी लागलं की जीभ अडखळते," असं तो नव्या माणसाला शिकवायचा. पूल वाहून गेलेल्या रस्त्यावरची गाडी 'वेळेवर सुटेल' असं त्याने एकदा दिवसभर जाहीर केलं होतं. कागदावर तसं लिहिलं होतं, मग त्याने काय घोडं मारलं?

निवृत्त झाला त्याच सुमारास त्याला साखर निघाली. गोळ्यांसाठी तो मोठ्या दवाखान्यात जाऊ लागला. आजाराची माहिती कशी सांगितली तर ती रोग्यांच्या पचनी पडते, यावर तिथे एक बाई संशोधन करत होत्या. डॉक्टरांचं कोणी ऐकत नाही, दुसऱ्या रोग्याचं ऐकतील, असा त्यांचा होरा. भोंग्याने खिडकीवर "माझा नंबर लागला का?" असं विचारलं आणि अख्ख्या दालनाने माना वळवल्या, तेव्हा बाईंना हवा तो माणूस सापडला.

झालं, भोंगा रुग्ण प्रतिनिधी झाला. गळ्यात ओळखपत्र, बैठकीत चहा, डॉक्टरांच्या रांगेत खुर्ची. इतके दिवस ज्या डॉक्टरांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ते आता "या काका" म्हणू लागले. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुष्कळ असतं. त्याच्या आवाजात माहिती ध्वनिमुद्रित झाली आणि बाहेरच्या दालनात दिवसभर वाजू लागली. 'पाय रोज तपासा. जखम दुखत नसली तरी दाखवा. समजलं नसेल तर पुन्हा विचारा, तो तुमचा हक्क आहे.' रांगेतले रोगी त्याला ओळखून उठून जागा द्यायचे.

आणि इथेच माशी शिंकली. त्या दिवसापासून भोंग्याला कोणी काही सांगेनासं झालं. तपासायला गेला की डॉक्टर हसायचे. "तुम्हाला काय सांगायचं काका, तुम्हीच आम्हाला शिकवता." तोही हसायचा. पायातले मोजे काढायला त्याला कोणी सांगितलं नाही. साखरेचा आणि पायाचा संबंध काय, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. वाक्य तेवढं पाठ होतं. पण गळ्यात ओळखपत्र अडकवून अडाण्यासारखं विचारायचं कसं? शहाण्यांच्या पंगतीत बसवलेल्या माणसाला मूग गिळावेच लागतात. मला राग येतो तो त्या पंगतीचा. रोग्याला सहभागी करून घ्यायचं म्हणून त्याला खुर्ची दिली, आणि खुर्चीवर बसल्या क्षणी तो रोगी आहे हे सगळे विसरले.

पुढे बाहेरगावचे पाहुणे हे संशोधन बघायला येणार असं ठरलं. भोंग्याने त्यासाठी नवे बूट घेतले. बूट चावला, डाव्या पायाच्या अंगठ्याची साल निघाली, खाली ओलं झालं. मोजे धुताना बायकोला डाग दिसला.

"अहो, तो पाय दाखवून या."

"दुखत नाही गं."

"दुखत नसलं तरी दाखवा, असं तुम्हीच ओरडता ना तिथे?"

"ते लोकांसाठी आहे," भोंगा म्हणाला.

पण बैठकीच्या दिवशी अंगठा काळपट दिसला. आज दाखवायचाच, असं ठरवून तो गेला. पाहुण्यांना भेटायला घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून बायकोही मागच्या रांगेत होती. पायांचे डॉक्टर नेमके त्याच्या शेजारच्या खुर्चीत होते. तो कलला आणि हळूच म्हणाला, "साहेब, एक विचारायचं होतं."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी भाषण होऊ द्या काका. आज तुमचा दिवस आहे."

भाषण झालं. रोग्याने न लाजता विचारलं पाहिजे, असं भोंग्याने ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या, डॉक्टरांभोवती पाहुण्यांचा गराडा पडला. खालच्या दालनात रोग्यांच्या रांगेत उभं राहता आलं असतं. पण वरच्या कर्ण्यातून आपलाच आवाज उपदेश करतोय आणि आपण खाली पाय दाखवायला उभे, हे त्याला सोसवेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कोणीतरी म्हणालंच असतं. तो घरी गेला आणि दुखणं अंगावर काढत राहिला. दुखत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

ताप चढला तेव्हा मुलाने उचलून दवाखान्यात आणला. पाय घोट्यापर्यंत सुजला होता. तेच डॉक्टर आले, पाय पाहिला आणि म्हणाले, "गुडघ्याखाली काढावा लागेल काका. तुम्हाला तर सगळं माहीतच आहे. सही करा."

"मला काही माहीत नाही," भोंगा म्हणाला. "मी नुसतं वाचायचो. पहिल्यापासून सांगा."

डॉक्टर स्टूल ओढून बसले आणि खरंच छान समजावून सांगितलं. साखरेने नसा मरतात, म्हणून जखम दुखत नाही. रक्त कमी पोचतं, म्हणून ती भरत नाही. मग विष हाडात उतरतं. ऐकलेल्या शब्दांचा अर्थ भोंग्याने जन्मात पहिल्यांदा डोक्यात घेतला. सगळं लख्ख कळलं.

"आधी दाखवला असता तर?" त्याने विचारलं.

"पंधरा दिवस आधी दाखवला असता, तर बहुतेक अंगठ्यावर भागलं असतं."

बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. "पंधरा दिवसांपूर्वी हे तुमच्याच शेजारी बसले होते, डॉक्टर," ती म्हणाली.



"बूट होते पायात," भोंगा तिला म्हणाला. "त्यांना कसं दिसणार?"