आज माझी बहीण ग्रामसभेत पुरं बोलली

मित्रहो, ग्रामसभेतून आत्ताच घरी आलो आणि आधी तुम्हालाच सांगतोय.

माझी धाकटी बहीण सुनंदा गिरडजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. बोलताना ती अडखळते. मागच्या सभेत लोक हसले आणि ती अर्ध्यावरच खाली बसली. त्यानंतर रोज सकाळी ती गोठ्यात मोठ्यानं वाचायची.

आज नळयोजनेचा ठराव मांडताना ती 'पाणी' या शब्दावरच अडकली. मागून कोणीतरी हसलं.

ती म्हणाली, "हासून घ्या. पुरं सांगितल्याशिवाय मी बसत नाई."

तिनं पुरं सांगितलं. ठराव मंजूर झाला.

"आता सभेत बोलू नको," असं मागच्या वेळी मीच तिला म्हणालो होतो. तिनं माझं ऐकलं नाही, याचाच आज अभिमान वाटतोय.

तुमच्या घरात असं न ऐकणारं कोण आहे?