लंकामावशीचं नाक

माझी मावशी लंकाबाई हिला स्वतःच्या नाकाचा भारी गर्व होता. सुप्याजवळच्या आमच्या गावात लग्न निघालं की काळा मसाला भाजायला तिलाच बोलावणं यायचं. कढईतलं खोबरं करपायच्या आत तिला वासावरून कळायचं आणि "उतरवा, उतरवा" म्हणून ती सगळ्या बायकांवर खेकसायची. दुसऱ्याच्या भाजीला दारातूनच नावं ठेवायची. शेजारणी तिला टरकून असत आणि पाठीमागे तिची नक्कलही करत.

मग सुप्याच्या एमआयडीसीत मावशी एका कारखान्यात रसायनाचे रिकामे ड्रम धुवायला लागली. हातमोजे एकदा मिळाले, ते फाटल्यावर पुन्हा मिळाले नाहीत. तोंडाला बांधायला पदर होताच. काही वर्षांनी एक लांबलेली सर्दी बरी झाली, पण वास काही परत आला नाही. कशाचाच नाही.

तिनं आधी घरी सांगितलं. नवरा हसला. "बरं झालं, आता माझ्या बिडीवरनं कटकट व्हायची न्हाई." मग तिनं सुपरवायझरला सांगितलं, मला ड्रमांवरनं काढा. त्यानं कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं अमोनियाची बाटली उघडून तिच्या नाकाखाली धरली. मावशीचं डोकं झटकन मागं गेलं, डोळ्यांतून पाणी आलं. झालं! डॉक्टरसाहेबांचं निदान पक्कं झालं.

"येतो की वास, बाई. काम टाळायला चांगलं नाटक काढलंत."

"झोंबलं वो सायेब, वास न्हाई आला," मावशी म्हणत राहिली. डॉक्टरांनी तोवर बाटलीला बूच लावलं होतं.

लंकीनं नाटक केलं, हे गावभर झालं. घरच्यांनीही तेच धरलं. मावशीनं विषय सोडला आणि ड्रम धूत राहिली. मसाल्याला बोलावणं आलं की कंबर दुखते म्हणायची. मी तेव्हा पुण्यात शिकत होते, पुढे तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागले. माझ्या कानावर यातलं काहीच आलं नाही.

नव्याण्णव साली तिची लेक माधुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. कारखान्यात रजा देईनात, तर तिनं कामावर पाणी सोडलं. नातवाला न्हाऊ घालायचं, त्याची टाळू भरायची, बाजेखाली शेगडी ठेवून ओव्याची धुरी द्यायची, सगळं तिला स्वतःच्या हातानं करायचं होतं. आयुष्यात एवढं एकच तिनं हट्टानं मागून घेतलं.

एका सकाळी बाजेवरच्या गोधडीचा कोपरा शेगडीत लोंबला. बाळाला कुशीत घेऊन माधुरी झोपली होती. मावशी बाजेकडे पाठ करून दुपट्यांच्या घड्या करत, काहीतरी गुणगुणत बसली होती. खोलीत धुरीचा धूर होताच, त्यात आणखी थोडा मिसळला तर कोण बघतंय? गोधडी धुमसत आग बाजेच्या सुंभापर्यंत पोचली, तरी मावशीचं गुणगुणणं चालूच. करपल्याचा वास अंगणापलीकडच्या रतनबाईंना आला. त्या धावत आल्या आणि त्यांनी बाजेवर घागर उपडी केली. बाळ वाचलं. माधुरीची पोटरी भाजली.

"आये, तू हिथंच बसली हुतीस! वास न्हाई आला तुला?"

"न्हाई."

"मंग सांगायचं न्हाई का आमाला?"

"सांगितलं हुतं, बाय. समद्यास्नी सांगितलं हुतं."

दुसऱ्या दिवशी माधुरी बाळाला घेऊन शेवगावला सासरी गेली.

हे कळल्यावर मी मावशीकडे गेले. बाटलीची हकीकत ऐकून माझं डोकंच फिरलं. अमोनिया तर वास मेलेल्या नाकालाही झोंबतो! डॉक्टर झालेल्या माणसाला एवढं माहीत नसावं? आणि माहीत असेल, तर त्या माणसाला काय म्हणावं?

तिला बरं वाटावं म्हणून मी माझं ज्ञान पाजळलं. नाकात आत, वरच्या बाजूला वास ओळखणारी प्रथिनं असतात, माणसाची ती प्रथिनं परदेशात आता प्रयोगशाळेत दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतात, असं काय काय सांगितलं. मावशी सरसावून बसली.

"मंग माझ्या नाकात घालता येतंय का ते?"

"नाही गं मावशी. ते फक्त प्रयोगासाठी असतं. माणसासाठी नाही."

"मंग मानसाचं कशापायी म्हनत्यात त्याला?"

मला स्वतःच्या शहाणपणाची शिसारी आली. मावशी उठली. दोरीवर बाळाचं टोपडं राहून गेलं होतं, ते तिनं आणून माझ्या नाकाशी धरलं.

"हुंग, रुपे. कसा वास येतोय, सांग मला."

"ओव्याचा येतोय. खोबरेलाचा येतोय."

"त्ये म्याच लावल्यालं हाय, मला ठावं हाय त्ये," ती म्हणाली. "बाळाचा सांग."

मी पुन्हा पुन्हा हुंगलं. मला सांगता येईना.