पिवळ्या खडूचा टोन

आमच्या ऑर्केस्ट्राची निम्मी गाणी मी विसरलो, पण किस्सा एकही विसरलो नाही. त्याला कारण आहे. रिहर्सल दुपारी सुरू व्हायची आणि पहिलं गाणं दिवेलागणीला! मधला सगळा वेळ आमचा विठू गिटारच्या अ‍ॅम्पसमोर उकिडवा बसून बटणं फिरवत असायचा. "आता ऐक... नाही नाही, आता ऐक!" मी ड्रमवाला. मला दोन्ही वेळा सारखंच ऐकू यायचं. अशा रिकाम्या वेळात माणसं एक तर भांडतात, नाही तर किस्से जमवतात. आम्ही दोन्ही केलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मॉरिशसमधल्या कार्तिए मिलितेरजवळ आमचं गाव. ऑर्केस्ट्रात आम्ही चौघं: गिटारवर विठू, ऑर्गनवर मार्सेल, ड्रमवर मी आणि गायला सदानंद मास्तर. मास्तर संध्याकाळी गावच्या बैठकेत, म्हणजे आमच्या समाजाच्या शाळेत, मुलांना मराठी शिकवायचे. त्यामुळे ते गातानाही मधेच थांबून कोणाला तरी गप्प बसवायचे.

*

अ‍ॅम्प आणला माएबूर्गकडच्या एका हॉटेलातून. तिथे जुनं सामान काढत होते. आतमध्ये काचेचे व्हॉल्व्ह, बाहेर जाड लाकूड, आणि वजन असं की मार्सेल दर वेळी एक बाजू उचलताना विचारायचा, "आयो, आत कोण बसलंय का?"

समुद्राच्या खाऱ्या हवेनं बटणांवरचे आकडे खाऊन टाकले होते. बेसचं, म्हणजे जाड आवाजाचं बटण कोणतं, ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं कोणतं, हे पाठ झालं. पण कालचा टोन आज परत कसा आणायचा? शेवटी मास्तरांनी बैठकेतले रंगीत खडू आणले. विठूनं बटणांभोवती खुणा केल्या. पांढरी लग्नाची, गुलाबी सेगा नाचाची, हिरवी आरतीची. सगळी बटणं एका रंगावर आणली की टोन तयार!

"खडू बैठकेचे आहेत," मास्तरांनी बजावलं. "घाणेरडा आवाज काढायला वापरू नका."

पिवळा खडू मात्र विठूनं वेगळा ठेवला. तो त्याच्या वडिलांसाठी.

*

वडील म्हणजे रामाकाका. उभा जन्म साखर कारखान्यात गेला, उसाच्या चरकाशेजारी. कारखान्यानं त्यांना निवृत्त केलं तेव्हा कान तिथेच ठेवून घेतले. तरी काका मुलाचा एकही कार्यक्रम चुकवत नसत. पांढरा शर्ट, पहिली रांग, मधली खुर्ची. टाळ्याही वाजवायचे, पण शेजारच्याकडे बघून, त्यामुळे जरा उशिरा. कार्यक्रम संपला की विचारायचे, "विठू, आज वाजीवलंस, का नुसतीच धरून हुबा व्हतास?"

विठू हसायचा. एकदा सामान भरताना मात्र मला म्हणाला, "बाला एकदा माझी गिटार ऐकू यायला पायजे. एकदाच. मग हा अ‍ॅम्प समुद्रात टाकला तरी चालंल."

"मी न्हाय येणार," मार्सेल म्हणाला. आमच्यात राहून तो मराठी शिकला होता. "समुद्रापर्यंत उचलणार कोण?"

ऐकू न येणाऱ्या माणसाला आवाज कसा हवा, यावर आमचं एकमत होतं. टोकदार! ट्रेबल जितका वर, तितका आवाज कानात घुसणार. एवढं एकमत आमचं दुसऱ्या कशावरच झालं नाही, आणि ते कित्येक वर्षं टिकलं. पिवळी खूण ट्रेबलच्या अगदी शेवटच्या टोकाला होती.

*

पिवळ्या खुणेचा पहिला जाहीर प्रयोग शमें ग्रेनिए गावच्या एका लग्नात झाला. रामाकाका वऱ्हाडात होते, म्हणून विठूनं सगळी बटणं पिवळ्यावर नेली आणि तार छेडली.

मंडपामागची कुत्री आधी उठली. मग केळीच्या पानावर भाज्या वाढणारा माणूस पळी हवेत धरून थांबला. नवरीनं शालू सावरण्याच्या निमित्तानं एक कान झाकून घेतला. नवरदेवाला मुंडावळ्यांमुळे काही करता येईना, तो तसाच बसून राहिला.

गाणं संपल्यावर नवरीचे वडील स्टेजपाशी आले. सभ्य माणूस. अगदी हळू आवाजात त्यांनी विठूला विचारलं, "हा आवाज मशीन बिघडल्यामुळं येतो, का शिकून?"

"शिकून," विठू म्हणाला.

"मग काय करणार!" असं म्हणून ते गेले.

विठू धावतच काकांकडे. काका तिखट भजी खात होते. त्यांनी कौतुकानं मुलाच्या पाठीवर थाप मारली. "मंडप झ्याक हाय. सुरू कवा करणार?"

*

विठूला वाटलं, दोष विजेचा. कार्तिए मिलितेरच्या चौकातल्या दुकानाशेजारी आमचा कार्यक्रम असायचा, आणि आमची वायर त्याच दुकानातून. दुकानातला फ्रिज सुरू झाला की अ‍ॅम्पचा जोर जायचा, ट्रेबल मवाळ व्हायचा. काका समोरच बसलेले! विठूनं दुकानदाराच्या हातापाया पडून फ्रिज बंद करवला.

टोन सुधारला. काकांना काही फरक पडला नाही. पण दोन गाण्यांत सगळं लिमोनाद कोमट झालं आणि लोक कुरकुरायला लागले. दुकानदार स्टेजवर आला आणि माइकवरच म्हणाला, "मंडळी, फ्रिज का गिटार?"

असल्या गोष्टी लोकांना विचारायच्या नसतात. "फ्रिज!" सगळे हात वर करून एका आवाजात ओरडले. सर्वांत उंच हात रामाकाकांचा होता. शेजारच्यानं वर केला म्हणून त्यांनीही केला.

*

मग मार्सेलनं शोध लावला की काकांचा एक कान दुसऱ्यापेक्षा बरा असणार. कोणता ते काकांना विचारायचं ठरलं, पण विचारणार कसं? तेव्हा त्यांच्या घरी काका खुर्चीत बसले असताना आम्ही अ‍ॅम्प त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. विठूनं वाजवलं. काका वाटाणे सोलत होते, सोलत राहिले. मग अ‍ॅम्प उजवीकडे. काही नाही. परत डावीकडे, जरा जवळ.

पुन्हा उचलायला गेलो तर काकांनी वाटाणे बाजूला ठेवले, उठले आणि मार्सेलची बाजू धरली.

"झाडायचंय व्हय? सांगायचं न्हाय का मघाशीच!" ते म्हणाले. "कुठं ठिवू?"

विठू त्या दिवशी जेवला नाही. मला त्याची फार दया आली, पण अ‍ॅम्प उचलून माझी कंबर गेली होती, त्यामुळे दोन्ही दुःखं एकत्र आली.

*

एक सांगायला हवं. काका एका माणसाचं सगळं ऐकायचे: काकींचं, म्हणजे विठूच्या आईचं. काकींचा आवाज घोगरा, अगदी पोटातून येणारा. त्यांनी स्वयंपाकघरातून "अवं!" म्हटलं की काका अंगणातून "आलो, आलो" करत यायचे. बाकी आम्ही कानाशी तोंड नेऊन किंचाळलो तरी त्यांचं लक्ष नसायचं.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. मास्तर सोडून आम्हा तिघांचीही लग्नं झालेली नव्हती.

"त्याचा कानांशी संबंध नाही," मास्तरांनी सांगितलं. "तुम्हाला पुढे कळेल."

*

आणि तो दसरा. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. आजोबा-पणजोबांच्या वेळी कोयता आणि कुदळ असायची. विठूच्या घरी त्या वर्षी कोयता, कुदळ, शिलाई मशीन, काकांची सायकल आणि आमचा अ‍ॅम्प मांडला होता. काकींचा नियम कडक होता. कुंकू लागलं की आरती संपेपर्यंत त्याला धक्का लागता कामा नये. वाद्य असेल तर वाजवा, पण कुंकू पुसायचं नाही.

आम्ही पोहोचलो तर अ‍ॅम्प लखलखत होता. काकींनी तो ओल्या फडक्यानं मनापासून पुसला होता. पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या, पिवळ्या, सगळ्या खुणा साफ! बटणांच्या सांदीत धूळ होती म्हणून एकेक बटण गरागरा फिरवून पुसलं होतं, आणि मग प्रत्येकावर कुंकवाचं ठसठशीत बोट.

विठू अ‍ॅम्पसमोर उकिडवा बसला. "आई, माझ्या खुणा!"

"कसल्या खुणा? खडूचं डाग पडलं व्हतं."

"बटणं तरी फिरवू दे!"

"कुंकू लागलंय. आरती झाल्यावर काय फिरवायचं ते फिरव."

चालू करायची कळ मागच्या बाजूला होती म्हणून अ‍ॅम्प निदान सुरू झाला. मास्तरांनी आरती धरली आणि विठूनं तार छेडली. ट्रेबल पार मिटलेला, बेस सताड उघडा, आणि आवाजाचं बटण काकींनी कुठवर नेलं होतं ते देवालाच ठाऊक! असा टोन मी कधी ऐकला नव्हता आणि ऐकायची इच्छाही नव्हती. तबकातली सुपारी सरकायला लागली. मार्सेल "बोंज्ये!" म्हणून देवाचं नाव घेऊन मागे सरला. विठू शरमेनं मान खाली घालून वाजवत राहिला.

काका नेहमीसारखे शेजारच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या टाळ्या थांबल्या. त्यांनी अ‍ॅम्पकडे पाहिलं. मग विठूच्या बोटांकडे पाहिलं, बराच वेळ. मग दोन्ही हात कानांवर दाबले.

"आयो विठू! त्रो फोर! हळू वाजीव रं, कान फुटत्याल माझं!"

विठूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पण वडिलांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. एका हातानं गिटार सावरत त्यानं दुसरा हात आवाजाच्या बटणाकडे नेला.

"कुंकवाला हात लावशील तर बघ!" काकी गरजल्या.

काकांना तेही ऐकू गेलं. ते कानांवर हात ठेवून मुकाट्यानं खाली बसले. विठूनं हात मागे घेतला. आणि मास्तरांनी त्या दिवशी येत होत्या तेवढ्या सगळ्या आरत्या म्हटल्या.