गादीखाली गाडलेली बक्कलं

कव्हरवाल्याच्या हाताला सफाई अशी, की गाडीची सीट कंपनीतून आलेली की त्यानं मढवलेली, हे पारखायला नखानं खरवडून बघावं लागे. मागच्या सीटची, पट्टा अडकवायची बक्कलं तो बिनदिक्कत गादीखाली सारून द्यायचा. "टोचतात हो बसणाऱ्याला. मागं कोण बांधून घेतंय?" गिऱ्हाईकही खूश. लेकीच्या गाडीत तर त्यानं जीव ओतून दुप्पट फोम भरला आणि बक्कलं पार तळाला दडपली.

आज लेक दारात आली ती कडेवरच्या पोरीचा टम्म सुजलेला ओठ घेऊनच.

चौकात तिनं करकचून ब्रेक मारला होता. पोरीला गाडीत बसवायची छोटी खुर्ची मागच्या सीटवर न बांधता नुसतीच ठेवलेली. ती पुढं कलंडली आणि पोरीचं तोंड पुढच्या सीटवर आपटलं.

"ओठावर निभावलं," जावई धुसफुसत होता. "दहादा सांगितलं, खुर्ची पट्ट्यानं बांध. पण ही ऐकेल तर शपथ!"

"बक्कल सापडलंच नाही रे. म्हटलं, जवळच तर जायचंय." लेक रडवेली झाली. "माझंच चुकलं, बाबा."

ती आधारासाठी आपल्याकडं बघतेय हे कव्हरवाल्याला कळत होतं, म्हणून तर नजर वर होईना. गप्प बसलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. लेकीनं सगळं अंगावर घेतलंच होतं.

तो उठला, कात्री घेऊन गाडीत शिरला आणि कर्रर्र शिवण उसवली.

"अहो बाबा, चांगलं कव्हर कशाला फाडताय?" जावई धावत आला.

"तिला बोलू नका, जावईबापू. बक्कल सापडणार कसं? मीच गाडलंय." कोपरापर्यंत हात घालून त्यानं ते ओढून काढलं. "गादी चापूनचोपून दिसावी म्हणून."

लेकीनं खुर्ची ठेवली, पट्टा ओवला, बक्कल खटकन लावलं आणि गुडघा रोवून हिसडून बघितलं. बापाच्या कामाची अशी परीक्षा तिनं कधी घेतली नव्हती.

"दुसऱ्या बाजूचंही काढा," एवढंच म्हणाली.

तेही त्यानं काढलं. मग शाळेची पोरं ने-आण करणाऱ्या गाडीवाल्याला फोन लावला. त्याच्याही सीट यानंच मढवलेल्या.

"गाडी घेऊन ये."

"का हो? कव्हर तर झकास बसलंय!"

"ये तर खरं," तो म्हणाला. पुढचं सांगायला जीभ रेटेना.